कप्तानाला दार कोणी उघडलं

कप्तान परका होता, समुद्रावरून आला होता, आणि त्याच्याजवळ माणसं इतकी थोडी होती की शहरातल्या बायका नुसत्या केरसुण्या घेऊन धावल्या असत्या तरी तो परत गलबतात जाऊन बसला असता. तरीही त्याने शहर घेतलं. कारण एका पहाटे वेशीचं दार आतून उघडलं गेलं. कोणी उघडलं, हे कुठल्याच जुन्या कागदात नव्हतं. ज्याने कोणी ती हकिगत लिहून ठेवली होती, त्याने 'दार आतून उघडले' एवढं म्हणून लगेच घोड्यांचं वर्णन सुरू केलं होतं. शहाणा माणूस असणार.

कित्येक पिढ्या त्यावाचून कोणाचं अडलं नाही. मग एका सभेत सत्तेतल्या पुढाऱ्याने विरोधकांना 'दार उघडणाऱ्यांची औलाद' म्हटलं. विरोधकांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं की, दार तुमच्याच पूर्वजांनी उघडलं, आणि उघडलं ते बरंच केलं, कारण तुमच्या त्या वेळच्या सरदारांपेक्षा तो परका पुष्कळ बरा होता. झालं. तेव्हापासून कप्तान मेलेला असूनही निवडणुकीला उभा असल्यासारखा गल्लोगल्ली फिरायला लागला. चहाच्या दुकानात त्याच्यावरून कपबश्या फुटायच्या. अशा हवेत एका सिमेंटवाल्या निर्मात्याला वाटलं की कप्तानावर चित्रपट काढावा. सत्तेतल्या मंडळींनाही तेच वाटत होतं. किंबहुना आधी त्यांना वाटलं आणि मग निर्मात्याला.

त्या चित्रपटात आत्याला भूमिका मिळाली.

चित्रपटाच्या धंद्यात तिला लहानथोर सगळे आत्याच म्हणत. तरुणपणी ती फिरत्या नाटक कंपनीत होती. तिथे तिने राण्या केल्या होत्या, एकदा तर राजा आजारी पडला म्हणून राजाही केला होता. त्या दिवसांचं वेड तिच्या डोक्यातून कधी गेलं नाही: कंदिलाच्या वासाचा तो रंगपट, ट्रंकांवर बसून केलेलं पाठांतर, पडदा वर जाण्याआधीची तिसरी घंटा. कंपनी बुडाली तेव्हा ती चित्रपटात आली, नायकाची आत्या होऊन, आणि दुसऱ्याच प्रसंगात जिना उतरताना मेली. ते मरण लोकांना इतकं आवडलं की पुढे तिला आत्या, मावशी, सासू, शेजारीण असंच मिळत गेलं आणि बहुतेक भूमिकांत ती लवकर मरायची. घरचे म्हणत, आमच्या आत्याला बघायचं तर चित्रपटाला वेळेवर जावं लागतं. पुढे पुढे तर मरणसुद्धा मिळेना. गर्दीत उभं करत, तेही पाठमोरं.

आणि आता इतक्या वर्षांनी ही म्हातारी विधवा. सरदारांनी धान्याची कोठारं कुलूप घालून ठेवलीत, शहर उपाशी आहे, आणि वेशीजवळ राहणारी ही बाई एका पहाटे उठून दाराचा अडणा, म्हणजे आतला आडवा दांडा, काढते. दार उघडतं. समोर कप्तान, हातात तलवार, गुडघ्यापर्यंत चिखल. बाई अडणा छातीशी धरून उभी. ती म्हणते, "ये. पण पाय पुसून ये. आत माझी माणसं उपाशी झोपलीत."

असं वाक्य नट जन्मभर वाट बघतो तेव्हा एखादं मिळतं. आत्याने ते वाचलं आणि स्वयंपाकघरात जाऊन थोडा वेळ उगाच डबे पुसत राहिली. सगळा चेहरा पडद्यावर येणार होता. दिग्दर्शकाने तसं सांगितलं होतं, आणि तो खोटं बोलणारा माणूस नव्हता. त्याच्यात तेवढी हिंमतच नव्हती. त्याचं एकच वाक्य होतं, "बघू या." पण या वेळी तो "नक्की" म्हणाला होता.

आत्या राहायची भावाकडे. ती लग्नाच्या फंदात पडली नव्हती. की लग्नच तिच्या फंदात पडलं नव्हतं, याबद्दल तिचं आणि वहिनीचं एकमत नव्हतं. भाऊ, म्हणजे दादा, नोकरीतून निवृत्त झाले होते. घरात आपलं कोणी ऐकत नाही हे त्यांना निवृत्त झाल्यावर कळलं, आधी वेळच मिळाला नव्हता. मग ते 'स्वाभिमान रक्षण मंडळा'चे चिटणीस झाले. मंडळाकडे रक्षण करण्यासारखं बरेच दिवस काही आलं नव्हतं. एकदा पाठ्यपुस्तकातल्या चित्रात वेशीचा बुरूज वाकडा काढला होता म्हणून पत्र धाडलं होतं, तेवढंच. बुरूज खरोखरच वाकडा होता, हे मागाहून कळलं.

चित्रपटाची गोष्ट बाहेर सांगायची नाही, असं सगळ्यांकडून कबूल करून घेतलेलं होतं. म्हणून आत्याने घरी फक्त "भूमिका मोठी आहे" एवढंच सांगितलं. पण अशा गोष्टी झाकून राहत नाहीत. एका सायंदैनिकात बातमी आली, आणि त्याच संध्याकाळी जेवताना दादांनी चष्मा लावला.

"ऐका दोघी. मंडळाचं निवेदन आहे. 'आमच्या शहरातील कोणतीही स्त्री, मग ती कितीही वृद्ध असो, परक्या आक्रमकास दार उघडून देणे सर्वथा अशक्य आहे.' कसं वाटतं?"

"कितीही वृद्ध कशाला?" आत्या म्हणाली.

"बातमीत तसं आहे. कोणी म्हातारी दाखवलीय."

"किती म्हातारी?"

"ते महत्त्वाचं नाही."

"असं पुरुषांनाच वाटतं," वहिनी भात वाढत म्हणाली.

आत्या पाणी प्यायली. "मग दार उघडलं कोणी, दादा?"

"आतून कोणीतरी."

"आत कोण होतं?"

"कोण म्हणजे? आपली माणसं."

"मग?"

"मग काय मग? आपल्या माणसांनी नाही उघडलं." दादांनी चष्मा काढला. "तू वकिलासारखं विचारू नकोस. प्रश्न अस्मितेचा आहे."

"ती म्हातारी मी आहे," आत्या म्हणाली.

दादांचा घास हातातच राहिला. वहिनीने एकवार नवऱ्याकडे पाहिलं, एकवार नणंदेकडे.

"तरीच," ती म्हणाली. "मी म्हणतेच आहे, आपलं पुढचं दार सारखं उघडं कोण टाकतं. वन्सं, तुमचा सराव चालला होता होय?"

पण दादांना हसू आलं नाही. "भूमिका सोड," ते म्हणाले.

"तू मंडळ सोड."

"मी चिटणीस आहे."

"मी म्हातारी आहे."

दोघांनी आपापली ताटं पुसून पुसून संपवली.

दादा दुष्ट नव्हते. रात्रभर त्यांनी तळमळून काढली आणि सकाळी दाढी करता करता तडजोड आणली. "एक करू. उघड तू, पण रडत उघड. मनाविरुद्ध. मागे कोणीतरी तलवार रोखून उभा असू दे. तसं असेल तर मंडळाला मी समजावतो."

"तलवारवाला कोण? आपला की परका?"

"परका. आपला कसा असेल?"

"परका आधीच आत असेल तर त्यानेच नाही का उघडायचं? माझी काय गरज?"

दादांनी अर्धी दाढी तशीच ठेवून विचार केला. साबण वाळला. तेवढ्यात मंडळाचे अध्यक्ष बाहेरून हाक मारत आले, कारण निवेदनाची बातमी छापून आली होती आणि त्यात दादांचं नाव पहिलं होतं. इतक्या वर्षांत वर्तमानपत्रात दादांचं नाव प्रथमच आलेलं. माणूस कुठे ना कुठे विरघळतोच. ते तोंड पुसून अध्यक्षांबरोबर गेले.

एकाने आक्षेप घेतला की दुसऱ्याला आपण मागे पडलो असं वाटतं. निर्मात्याच्या कचेरीत रांग लागली. लेखक बिचारा लवचीक होता. बाई चालत नाही म्हटल्यावर त्याने पहारेकरी आणला. लगेच पहारेकऱ्यांची संघटना येऊन बसली, आणि एकाने आपण किती वर्षं जागरण करतोय ते असं काही सांगितलं की कचेरीतल्या टायपिस्ट बाईंना रडू आलं. पहारेकरी गेला, व्यापारी आला. व्यापारी मंडळाने चित्रपटगृहं बंद ठेवायची धमकी दिली. मग लेखकाने दार कुजलेलं दाखवलं, म्हणजे कोणीच दोषी नको. तर सुतार आले. ते सगळ्यात जास्त संतापले होते. आमच्या हातचं दार कुजत नाही, म्हणाले. कप्तानाने स्वतःच्या बळावर दार फोडलं असं करावं, तर सत्तेतले म्हणाले, परक्याला एवढा बलवान दाखवायला पैसे दिलेत काय? आणि विरोधकांनी कळवलं की दार शहराने आनंदाने, गाणं म्हणत उघडलं असंच दाखवलं पाहिजे. लेखकाने गाणंही लिहिलं. मग फाडलं.

शेवटी ठरलं की दार कोणीच उघडत नाही. दार उघडतं.

हे सांगायला दिग्दर्शक स्वतः आत्याच्या घरी आला. तेवढं त्याचं चांगलं होतं. दुसऱ्याने निरोप्या धाडला असता. वहिनीने चहा दिला. त्याने तो थंड होईपर्यंत ढवळला.

"आत्या, तुमचा प्रसंग आहे," तो म्हणाला. "फक्त त्यात तुम्ही नाही."

"मग कोण आहे?"

"कोणी नाही. दार आहे. कप्तान आहे."

"आणि माझं वाक्य?"

"दार बोलत नाही ना, आत्या." त्याने मान खाली घातली. "गर्दीत बसा तुम्ही. पुढच्या रांगेत. कपडे तुमच्या मापाचे शिवलेलेच आहेत. कुठे काही करता आलं तर बघू या."

ते 'बघू या' ऐकलं आणि आत्याला कळलं की संपलं. आतल्या खोलीत दादा सगळं ऐकत होते. मंडळाने त्या दिवशी 'प्रयत्नांना यश' असा ठराव केला होता आणि चिटणिसांचे खास आभार मानले होते. पण दिग्दर्शक गेल्यावर दादा बाहेर आले ते असे, की कोणाला वाटावं हेच हरलेत.

आत्याने दादांशी बोलणं टाकलं. एकाच टेबलाशी बसून ती म्हणायची, "वहिनी, तुझ्या नवऱ्याला सांग, पंखा बंद कर." वहिनी म्हणायची, "अहो, वन्सं म्हणतायत पंखा बंद करा." दादा म्हणायचे, "तिला सांग, उकडतंय." असं करत करत वहिनी एक दिवस कंटाळली. "मी काय टपाल खातं आहे?" म्हणाली आणि शेजारी निघून गेली. पंखा चालूच राहिला.

दार उघडण्याचा प्रसंग गावाबाहेरच्या खाणीजवळ घेणार होते. आत्या गेली. घरी बसून दादांचं तोंड बघण्यापेक्षा गर्दीत बसून कोणाचंही बघावं, असं तिला वाटलं. तिने विधवेचं लुगडं नेसलं, आरशात न बघता केस बांधून घेतले, आणि पुढच्या रांगेत न बसता मुद्दाम सगळ्यात मागे एका उलट्या टोपलीवर जाऊन बसली.

दार मोठं झोकात बनवलं होतं. पुढून पाहिलं तर शंभर हत्तींनी हलणार नाही असं, आणि मागून पाहिलं तर प्लायवूड आणि खिळे. दोन्ही फळ्यांना दोर बांधले होते. ओरडा झाला की दोन कामगार ते लपून ओढायचे आणि दार आपोआप उघडायचं. पहिल्यांदा ओढलं तेव्हा एक फळी आधी आली आणि दुसरी मागाहून, जशी भांडून आलेली जोडपी येतात. निर्माता खूश होता. "बघा," तो म्हणाला, "आता कोणाचं काही म्हणणं उरलं?"

म्हणणं उरलं होतं पाहुण्याचं. कप्तानाचं काम करणारा नट परदेशातून आणलेला होता, म्हणून सगळे त्याला पाहुणा म्हणत. उंच, वयाने पिकत आलेला, बोलायला मऊ. त्याला भाषा येत नव्हती. त्याचं सगळं एक दुभाषी मुलगी सांगायची. तालमीच्या दिवसांत त्याने आत्याबरोबर हा प्रसंग कितीदा तरी केला होता, आणि सगळे म्हणतात तर हिचं नावच आत्या असणार, असं तो धरून चालला होता.

दार उघडलं. कप्तान उंबरठ्याशी आला. आता त्याचा चेहरा जवळून घ्यायचा होता. एका लोखंडी दांडीला पांढऱ्या पट्टीचा तुकडा चिकटवला आणि त्याला सांगितलं, इथे बघ. त्याने बघितलं. दिग्दर्शक म्हणाला, पुन्हा. त्याने पुन्हा बघितलं. पट्टीकडे बघणारा माणूस पट्टीकडे बघितल्यासारखाच दिसतो. एका सहायकाने दांडीऐवजी आपली मूठ धरली. मग मुठीकडे बघणारा माणूस दिसायला लागला.

पाहुणा थांबला आणि हळूच काहीतरी बोलला.

"ते विचारतायत," दुभाषी म्हणाली, "दार उघडल्यावर मी कोणाकडे बघतो?"

"कोणाकडेच नाही," दिग्दर्शक म्हणाला. "शहराकडे."

ती पाहुण्याशी बोलली. "ते म्हणतायत, शहराचे डोळे कुठे आहेत?"

"एवढं काय त्यात?" निर्माता म्हणाला. "समोर बघ म्हणावं. लोक रोज बघतात."

पाहुण्याने तलवार म्यान केली. मान उंच करून गर्दीवरून नजर फिरवली आणि एकच शब्द म्हणाला, जो सांगायला दुभाषी लागली नाही. "आत्या?"

आत्याने दुसरीकडे तोंड केलं. दिग्दर्शक टोपल्या, माणसं आणि दोर ओलांडत तिच्यापर्यंत आला.

"आत्या, जरा त्याला नजर द्यायला उभ्या राहता? कॅमेऱ्याच्या अगदी बाजूला. तो तुमच्याकडे बघेल."

"मी दिसेन का?"

"नाही."

"हात?"

"नाही."

"सावली पडेल?"

"पडणार नाही अशीच उभी करावी लागेल," तो म्हणाला, आणि मग, स्पष्ट बोलण्याची सवय नसलेल्या माणसासारखं चाचरत, "माफ करा."

"मग त्या मुठीलाच सांगा की. चांगली धष्टपुष्ट आहे."

ती उठली नसती. पण इतक्यात दिग्दर्शकाचं बोलणं अर्धवट ऐकून कोणीतरी त्या सहायकाच्या हातात अडणा दिला होता, आणि तो पोरगेला बाप्या अडणा खांद्यावर टाकून, पान खाणाऱ्यासारखा तोंड हलवत, आत्याचं वाक्य म्हणून बघत होता. "ये पण पाय पुसून ये." मध्ये थांबणं नाही, काही नाही, जसा कंडक्टर पुढे सरका म्हणतो. आत्याच्या अंगाचा तिळपापड झाला. कंपनीत असताना एकदा ती तापाने फणफणली होती आणि तिची राणी दुसऱ्या मुलीने केली होती. ते विंगेत पडून ऐकताना झालं होतं, तसंच. पाठ केलेलं वाक्य न म्हणता घरी परत नेलं तर ते पोटात राहतं, हे तिला माहीत होतं.

ती गेली. सहायकाच्या हातातून अडणा काढून घेतला. "जा, सावलीत बस," म्हणाली.

कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूला, भिंगाच्या इतकं जवळ की कॅमेऱ्यावाल्याचा कोपर तिला लागत होता, ती उभी राहिली. अडणा छातीशी धरला. तोल सांभाळायला डावा पाय किंचित पुढे. कोणी दिवा तिच्यावर लावला नव्हता, कोणी तिच्या चेहऱ्याला पावडर लावली नव्हती. सगळा उजेड समोर पाहुण्यावर.

दार उघडलं, या वेळी दोन्ही फळ्या एकदम. पाहुणा आला, जिंकणाऱ्या माणसासारखा, छाती काढून, आणि त्याने आत्याला पाहिलं.

तिने घाई केली नाही. आधी नुसतं बघितलं. वय, चिखल, तलवार, सगळं एकदा वरून खाली. मग म्हणाली, "ये." आणि थांबली. तो एक पाऊल टाकणार तोच म्हणाली, "पण पाय पुसून ये."

त्याला भाषा कळत नव्हती, पण तालमीतून अर्थ माहीत होता. त्याच्या छातीतली हवा हळूहळू गेली. त्याने खाली आपल्या बुटांकडे बघितलं, वर तिच्याकडे बघितलं, पुन्हा खाली. आणि मग कोणी सांगितलेलं नसताना त्याने उंबऱ्याच्या दगडावर पाय घासला. एक. नीट घासला. मग दुसरा.

"आत माझी माणसं उपाशी झोपलीत," आत्या म्हणाली.

दिग्दर्शक 'कट' म्हणायला विसरला. रीळ संपून कॅमेरा फडफड वाजायला लागला तेव्हा सगळे भानावर आले. निर्मात्याने विचारलं, "पाय का पुसले त्याने?" दुभाषीने नाक पुसलं. आत्याने अडणा खाली ठेवला, आपल्या टोपलीकडे परत गेली आणि टोपली कोणीतरी नेली होती म्हणून उभीच राहिली.

चित्रपट लागला. सत्तेतल्यांनी कप्तानाला लुटारू म्हणून बघितलं, विरोधकांनी तारणहार म्हणून, आणि दोघांनाही तो थोडा थोडा पसंत पडला नाही. त्यामुळे निर्माता म्हणाला, समतोल साधला. दादांना मंडळाच्या वतीने बघणं भाग होतं. ते दुपारच्या खेळाची तिकिटं घेऊन आले आणि वहिनीला म्हणाले, "तिला विचार, येणार का."

"बघायला काय आहे त्यात माझं?" आत्या भिंतीला म्हणाली. पण चपला घातल्या.

दार आपोआप उघडलं तेव्हा मागच्या बाकांवर कोणीतरी खुदकन हसलं. मग कप्तानाचा चेहरा आला, सगळा पडदाभर, आणि हसणं थांबलं. कप्तान कोणाकडे तरी बघत होता. कोणाकडे, ते दिसत नव्हतं. आवाज नव्हता, वारा तेवढा घातला होता. एवढा मोठा सेनापती, आणि कोणीतरी त्याला उभ्या जागी लहान करून टाकलं होतं. त्याने खाली बघितलं, वर बघितलं, आणि मुकाट्याने पाय पुसले. पुढे लढाया पुष्कळ होत्या, पण लोक बाहेर पडले ते तेवढंच बोलत.

पडदा त्या चेहऱ्याने भरला होता तेव्हा अंधारात वहिनी दादांच्या कानाशी लागली होती. हळू बोलणं तिला कधी जमलं नव्हतं. "अहो, वन्सं आहेत समोर. त्या नजरेला मी लग्न होऊन आले त्या दिवसापासून तोंड देतेय. मला विचारा."

आत्याला बरं वाटायला हवं होतं, आणि थोडं वाटलंही; पण तिचा चेहरा तिथे नव्हता तो नव्हताच. दुसऱ्याच्या तोंडावर आपलं काम बघणं म्हणजे आपल्या हातचं जेवण दुसऱ्याने जेवताना खिडकीतून बघणं.

बाहेर पायऱ्यांवर मंडळाची माणसं जमली होती. आक्षेप घ्यावा की अभिनंदन करावं, हे ठरत नव्हतं. एक म्हणाला, परका आपल्या भूमीवर येताना पाय पुसतो, म्हणजे हा आपल्या मातीचा सन्मान आहे. दुसरा म्हणाला, अहो, मग तो सभ्य ठरतो, त्याचं काय? अध्यक्षांनी दादांना विचारलं, "चिटणीस, तुमचं मत? तो नेमका कोणाकडे बघून पाय पुसतो?"

"माझ्याकडे," आत्या म्हणाली. "दार मी उघडलं."

सगळे हसले. वाईट नाही, म्हाताऱ्या नटीला हसतात तसे, प्रेमाने. "आत्या, तुम्ही म्हणजे कमाल," अध्यक्ष म्हणाले. जी गोष्ट अशक्य म्हणून त्यांनी निवेदनं छापली होती, तीच आत्या भर रस्त्यात कबूल करत होती आणि कोणी मनावर घेत नव्हतं.

दादा पुढे झाले. त्यांचे कान लाल झाले होते. "खरं सांगतेय ती," ते म्हणाले. "तीच होती समोर. माझी बहीण."

"तुम्हीसुद्धा, चिटणीस?" अध्यक्ष म्हणाले, आणि आता दादांनाही हसले. दादांना आपल्याला कोणी हसलेलं अजिबात खपत नसे. ते तसेच उभे राहिले, टोपी हातात घेऊन, पण शब्द मागे घेतला नाही.

तिघं घरी निघाली. घर जवळ आलं तेव्हा दादा बऱ्याच दिवसांनी थेट बहिणीकडे बघून म्हणाले, "पुढे काय म्हणते गं ती? पाय पुसून झाल्यावर?"

"तुला काय करायचंय?"

"कापलं ते मीच. बघू तरी दे काय कापलं."

आत्याने त्यांच्याकडे पाहिलं. मग वहिनीच्या हातातून किल्ली घेतली, आत गेली आणि दार लावून घेतलं. दादा पायरीखाली उभे. शेजारच्या घरातलं कोणी खिडकीत आलं, समोरचा इस्त्रीवाला इस्त्री उभी करून बघायला लागला.

दार उघडलं. आत्या उभी होती. हातात काही नव्हतं, पण काहीतरी जड धरल्यासारखे हात. दादा गुमान पायरी चढायला लागले.

"थांब," ती म्हणाली. "कप्तान असा पोक काढून येत नसतो. शहर जिंकलंयस तू. परत जा."

दादा परत गेले. छाती काढून आले. तिने त्यांना वरून खालपर्यंत बघितलं, आणि दादांचं पाऊल आपोआप थबकलं.

"ये," ती म्हणाली. "पण पाय पुसून ये. आत माझी माणसं उपाशी झोपलीत."

दादांनी पाय पुसले. एक, मग दुसरा.

"धान्याचं कोठार उजव्या हाताला आहे," आत्या म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला, आणि इस्त्रीवाला ऐकू यावं म्हणून दोन पावलं पुढे आला. "आधी ते उघड. मग काय जिंकायचं ते जिंक."

दादांना इथे काय करायचं ते कोणी सांगितलं नव्हतं. ते टोपी छातीशी धरून बहिणीच्या तोंडाकडे बघत राहिले.

"अहो, जा की आत," मागून वहिनी म्हणाली. "किती वेळ उघडं ठेवतील त्या?"